मॉरिशसची बॅग भरण्याआधी महिना आणि किनारा विचारावा

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या पर्यटन पुरवणीत मॉरिशसच्या सहलीसाठी सामानाची जी यादी अलीकडे प्रसिद्ध झाली, ती वाचून हे पत्र लिहीत आहे. यादी नीटनेटकी होती, चित्रेही सुरेख होती. पण ती कोणत्या महिन्यासाठी आहे आणि बेटाच्या कोणत्या बाजूला मुक्काम करणाऱ्यांसाठी आहे, याचा उल्लेख तिच्यात कुठेच नव्हता. मॉरिशसला बारा महिने उन्हाळा असतो, त्यामुळे गरम कपड्यांचे ओझे नेऊ नये, असे एका ठिकाणी म्हटले होते आणि शेजारच्याच चौकटीत जून ते सप्टेंबर हा पावसाळा असल्याने तो टाळावा, असा सल्ला होता. ही दोन्ही विधाने चुकीची आहेत. ती एकमेकांशी जुळत नाहीत हे तर सोडाच, पण त्यांच्यावर विसंबून निघालेला माणूस तिथे पोहोचल्यावर कुडकुडतो किंवा चांगला हंगाम हातचा घालवून नेमका वादळांच्या दिवसांत जातो.

मी बत्तीस वर्षे शाळेत भूगोल शिकवला आहे. दक्षिण गोलार्धात ऋतू उलटे असतात, हे वाक्य मी फळ्यावर किती वेळा लिहिले असेल याची गणती नाही, आणि तरीही मॉरिशसच्या पहिल्या सहलीची बॅग भरताना ते मला आठवले नाही. त्यामुळे दुसऱ्याच्या यादीला नावे ठेवण्याआधी स्वतःची फजिती सांगणे भाग आहे.

आम्ही जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात गेलो होतो; मी, माझे यजमान, सून आणि तेव्हा आठ वर्षांचा असलेला नातू. हॉटेल पूर्व किनाऱ्यावर, बेल मार या भागात होते. ज्या प्रवासी कंपनीने सहल ठरवून दिली, तिने एक छापील यादी दिली होती आणि ती आपल्या यादीची सख्खी बहीण शोभली असती. तिच्याप्रमाणे नातवाच्या बॅगेत पोहण्याचे तीन पोशाख आणि बिनबाह्यांचे सात टी-शर्ट होते. स्वेटर एकही नव्हता. पहिल्याच संध्याकाळी समुद्रावर गेलो, तर वारा असा सुटलेला की उडणारी वाळू पोटऱ्यांवर सुया टोचल्यासारखी लागत होती आणि जेवणाच्या टेबलावर कागदी रुमाल ठेवले की दुसऱ्या क्षणी ते बागेत. सुनेने मुलाला हॉटेलच्या टॉवेलात गुंडाळले आणि तसेच जेवू घातले. तिसऱ्या दिवशी आम्ही बेटाच्या मधल्या पठारावरच्या ग्रां बासँ म्हणजे गंगा तलावावर गेलो, तेव्हा धुके खाली उतरले होते, भुरभुर पाऊस चालू होता, आणि देवळापाशी चपला काढून ओल्या फरशीवर पाय ठेवला तो बर्फावर ठेवल्यासारखा वाटला. मी सुती साडीवर सुनेची ओढणी दुहेरी करून खांद्यावरून घेतली होती. शेजारी स्थानिक बायका मात्र लोकरी शाली घेऊन, पायांत मोजे घालून निवांत उभ्या होत्या. त्यांच्याकडे पाहिल्यावर मला माझ्याच वर्गातल्या मागच्या बाकावर बसल्यासारखे झाले.

आता कारण सांगते. मॉरिशस विषुववृत्ताच्या दक्षिणेला सुमारे २० अंशांवर आहे. तिथला उन्हाळा नोव्हेंबर ते एप्रिल आणि हिवाळा जून ते सप्टेंबर असतो. मे आणि ऑक्टोबर हे मधले महिने. तिथल्या हवामान खात्याच्या नोंदींनुसार उन्हाळ्याचे सरासरी तापमान २४.७ अंश सेल्सिअस आणि हिवाळ्याचे २०.४ अंश, म्हणजे दोन ऋतूंत जेमतेम ४ अंशांचा फरक. बारमाही उन्हाळ्याचा समज बहुधा या आकड्यांतूनच तयार होतो. पण सरासरी आकडा अंगाला लागत नाही, वारा लागतो. जुलै-ऑगस्टच्या रात्री पारा सरासरी १६.४ अंशांपर्यंत उतरतो, आणि त्याच महिन्यांत आग्नेयेकडून येणारे व्यापारी वारे सर्वांत जोरात असतात. शिवाय समुद्राचे पाणी ऑगस्टमध्ये २२-२३ अंशांवर येते; मोठ्या माणसाला ते सुखद वाटले तरी लहान मूल अर्ध्या तासात ओठ निळे करून बाहेर येते. पावसाचे म्हणाल, तर वर्षभराच्या सरासरी २,०१० मिलिमीटर पावसातला सुमारे दोन तृतीयांश उन्हाळ्यात पडतो. फेब्रुवारी आणि मार्च हे सर्वांत ओले महिने, ऑक्टोबर सर्वांत कोरडा. जुलै म्हटले की आपल्या मनात छत्री उघडते. ती सवय घेऊन तिथले कॅलेंडर वाचले की सगळेच उलटे होते. ज्या महिन्यांना आपल्या पुरवणीने पावसाळा म्हटले, ते त्या बेटाचे कोरडे आणि थंड महिने आहेत.

महिन्याइतकाच किनाराही महत्त्वाचा आहे, आणि याविषयी तर कोणतीच यादी बोलत नाही. मुख्य बेट उत्तर-दक्षिण सुमारे ६५ आणि पूर्व-पश्चिम सुमारे ४५ किलोमीटर, त्यामुळे नकाशावर पाहणाऱ्याला वाटते की कुठेही राहिले तरी हवा तीच. वस्तुतः आग्नेयेचा वारा आधी पूर्व किनाऱ्यावर आदळतो, मग मधल्या पठारावर चढतो, तिथे ढग रिकामे करतो आणि पश्चिमेला कोरडा होऊन उतरतो. पठारावर वर्षाला ४,००० मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, तर पश्चिम किनाऱ्यावर हजारसुद्धा भरत नाही. क्युरपीप हे पठारावरचे गाव समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे आणि त्याचा पाऊस, धुके नि गारवा हा बेटावर थट्टेचा विषय आहे. थोडक्यात, हिवाळ्यात जाणाऱ्याने पश्चिमेला फ्लिक आँ फ्लाक किंवा वायव्येला त्रू ओ बिश, मों शुआझी या बाजूंना मुक्काम केला तर वारा कमी लागतो. नैऋत्य टोकाचा ल मोर्न पश्चिमेला असला तरी त्याला अपवाद आहे; तिथला वारा पतंगाच्या दोरीवर लाटांवरून घसरत जाणाऱ्या खेळाडूंना हवाच असतो. उन्हाळ्यात मात्र हिशेब बदलतो, कारण जानेवारीच्या उकाड्यात पूर्वेची वाऱ्याची झुळूकच जीव निववते. म्हणजे बेल मारचे आमचे हॉटेल वाईट नव्हते. ते आम्ही सहा महिने आधी किंवा नंतर घ्यायला हवे होते.

एवढे ध्यानात घेतले की जुलैची बॅग आपोआप वेगळी होते. प्रत्येकी एक पातळ लोकरी स्वेटर, एक वाराबंद आणि पाऊस न झिरपणारे जाकीट, लहान मुलांना कानटोपी नव्हे पण कान झाकेल अशी काहीतरी, देवळात आणि पठारावर घालण्यासाठी मोजे, आणि पोहणाऱ्यांसाठी लांब बाह्यांचा घट्ट पोहण्याचा सदरा, जो ऊब देतो आणि उन्हापासूनही वाचवतो. बिनबाह्यांचे टी-शर्ट तीन पुरतात. ब्लॅक रिव्हर गॉर्जेस राष्ट्रीय उद्यानातल्या पायवाटा पावसानंतर निसरड्या होतात, तेव्हा तिथे चालणार असाल तर पकड असलेले बूट हवेत. याच भागात बेटाचे सर्वोच्च शिखर आहे, ८२८ मीटर उंचीचे, आणि सकाळी ते बऱ्याचदा ढगात असते. जीन्स मात्र नेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. त्या दमट हवेत ती एकदा भिजली की दोन दिवस वाळत नाही, तिसऱ्या दिवशी तिला कुबट वास येतो आणि परतीच्या बॅगेत तो सगळ्या कपड्यांना लागतो. सिंथेटिक पातळ पँट रात्री धुतली की सकाळी घालता येते. दिवसाचे नियोजन करतानाही ऋतू विसरू नये. जुलैत सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो, त्यामुळे दुपारच्या जेवणानंतर लांबचे ठिकाण पाहायला निघालेला माणूस अंधारातच परततो; डिसेंबरमध्ये मात्र पावणेसातपर्यंत उजेड असतो.

दुसऱ्यांदा आम्ही गेलो ते जानेवारीत, आणि या वेळी अभ्यास करून. तरीही एक गोष्ट कमी पडली, ती म्हणजे मोकळे दिवस. नोव्हेंबर ते एप्रिल हा चक्रीवादळांचा हंगाम असतो. वादळ दरवर्षी बेटावर येऊन धडकते असे नाही. बहुतेक वादळे बाजूने निघून जातात, पण जातानाही पाऊस आणि खवळलेला समुद्र देऊन जातात. तिथे इशाऱ्यांचे चार वर्ग आहेत. पहिल्या वर्गात लोक पाणी, मेणबत्त्या आणि डबाबंद अन्न यांची तजवीज करू लागतात. तिसरा वर्ग लागला की सगळे व्यवहार थांबतात आणि प्रत्येकाने घरात राहायचे असते. आम्ही असताना दुसऱ्या वर्गापर्यंत प्रकरण गेले आणि मग वादळाने दिशा बदलली. तरी आमच्या सहा दिवसांतले दोन दिवस हॉटेलच्या व्हरांड्यात पत्ते खेळण्यात गेले. हे सुदैवच म्हणायचे, कारण १५ जानेवारी २०२४ रोजी बेलाल वादळाच्या पावसाने राजधानी पोर्ट लुईच्या रस्त्यांवर इतके पाणी आले की मोटारी एकमेकींवर जाऊन आदळल्या, आणि विमानतळही बंद ठेवावा लागला. त्याआधी ३० मार्च २०१३ रोजी याच शहरात अचानक आलेल्या पुरात अकरा माणसे दगावली होती, तीही चक्रीवादळ नसताना. म्हणून उन्हाळ्यात जाणाऱ्याने परतीच्या दिवसानंतर निदान दोन दिवस कामाचे काही ठेवू नये, प्रवासविमा घेताना खराब हवामानाने विमान रद्द झाल्यास भरपाई मिळते का हे कलम वाचून घ्यावे, रोजची औषधे सहा दिवसांऐवजी दहा दिवसांची न्यावीत आणि वीज गेल्यास उपयोगी पडेल अशी छोटी विजेरी हाताशी ठेवावी. सामानाच्या यादीत या गोष्टी दिसत नाहीत, कारण त्या छायाचित्रात चांगल्या दिसत नाहीत.

उन्हाबद्दल सगळेच लिहितात, पण मोजमापाने कोणी लिहीत नाही. २० अंश दक्षिणेला नोव्हेंबरच्या आणि जानेवारीच्या उत्तरार्धात मध्यान्हीचा सूर्य अगदी डोक्यावर येतो, आणि या दोन तारखांच्या दरम्यानही तो फारसा कलत नाही. पांढरी वाळू आणि पाणी उन्हाला परतवतात, त्यामुळे छत्रीखाली बसलेला माणूसही भाजतो. मोठ्या माणसाच्या अंगाला उन्हाचे मलम नीट लावायचे तर एका वेळी सुमारे ३० मिलिलिटर लागते आणि दर दोन तासांनी ते पुन्हा लावायचे असते. दिवसातून दोनदाच लावले तरी सहा दिवसांचे एका माणसाचे ३६० मिलिलिटर झाले. चौघांत मिळून १०० मिलिलिटरची एक नळी नेणाऱ्या कुटुंबाने, म्हणजे पहिल्या सहलीत आम्ही, नळी पुरवून पुरवून वापरली आणि पाठी सोलून घेतल्या. पाण्यात तोंड खाली घालून मासे पाहत तरंगताना पाठ आणि गुडघ्यांमागचा भाग तासभर उन्हात असतो आणि पाण्याच्या गारव्याने ते कळतही नाही. लांब बाह्यांचा सदरा घातला की मलमाची गरज निम्म्यावर येते, आणि प्रवाळांच्या दृष्टीनेही ते बरे, कारण ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट ही मलमांतली द्रव्ये प्रवाळांना अपाय करतात असे आढळले आहे. मलम घ्यायचेच तर झिंक ऑक्साइडचे घ्यावे. ते अंगावर पांढरट दिसते एवढाच तोटा.

आपल्या यादीत पायांसाठी «रंगीत फ्लिप-फ्लॉप» सुचवले होते. यावर मला थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक वाटते. मॉरिशसभोवती जवळपास सगळीकडून प्रवाळांचे कडे आहे आणि त्याच्या आत उथळ, शांत पाण्याचे सरोवर तयार झाले आहे. त्यामुळे न पोहणारी माणसेही कमरेइतक्या पाण्यात फार दूरवर चालत जातात. तळाशी वाळू असेल तिथे ठीक, पण मधूनच प्रवाळांचे तुकडे, खडक आणि त्यांच्या फटींत बसलेले सी अर्चिन असतात, काळ्या लांब काट्यांचे, साळिंदराच्या पिल्लासारखे. माझ्या यजमानांची चप्पल पाण्यात पायातून निसटली, ती पकडायला ते वळले आणि मोकळा पाय नेमका अर्चिनवर पडला. टाचेत अकरा काटे तुटून बसले. हे काटे बोरीच्या काट्यासारखे ओढून निघत नाहीत. चिमट्याने धरले की खडूसारखे तुटतात आणि आतला भाग निळसर काळा ठिपका होऊन राहतो. हॉटेलातल्या परिचारिकेने पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवायला सांगितला, वर आलेले काटे काढले आणि बाकीचे डॉक्टरांवर सोपवले. त्या सहलीचे उरलेले तीन दिवस ते आरामखुर्चीत होते. अर्चिन तरी दिसतो. तिथे स्टोनफिश हा मासाही आहे, ज्याला तिथल्या लोकांच्या क्रिओल भाषेत लाफ म्हणतात. तो शेवाळलेल्या दगडासारखा तळाशी पडून असतो, त्याच्या पाठीवरच्या काट्यांत तीव्र विष असते, आणि त्यावर पाय पडला तर जखम गरम पाण्यात धरून तडक रुग्णालय गाठावे लागते. पायाला घट्ट बसणारे, जाड रबरी तळाचे पाण्यातले बूट सामानात सर्वांत आधी टाकावेत. स्टोनफिशच्या काट्यापुढे तेही हमखास टिकतील असे नाही, म्हणून तळ दिसत नसेल तिथे पाऊल टाकूच नये. आणखी एक, दक्षिणेला सुयाकजवळ ग्री ग्री येथे प्रवाळांचे कडे तुटलेले आहे आणि समुद्र थेट खडकांवर आपटतो. तिथे पाहायला जावे, पोहायला नव्हे.

डासांचा विषय लोक संध्याकाळपुरता समजतात. मॉरिशसमध्ये २००५-०६ साली चिकुनगुन्याची मोठी साथ येऊन गेली. तो आणि डेंग्यू पसरवणारा डास दिवसा चावतो. म्हणून डास पळवणारे मलम दिवसाच्या पिशवीत हवे, आणि उन्हाचे मलम आधी व हे त्यावर, असा क्रम ठेवावा. मलेरियाचे मात्र उलट आहे. त्या बेटाने मलेरिया मोठ्या कष्टाने हद्दपार केला आहे आणि तो बाहेरून पुन्हा येऊ नये म्हणून तिथले आरोग्य खाते मलेरिया असलेल्या देशांतून आलेल्या प्रवाशांवर लक्ष ठेवते. प्रवासाआधी संकेतस्थळावर भरायच्या अर्जात मुक्कामाचा पत्ता काळजीपूर्वक लिहावा. आरोग्य खात्याचा माणूस चौकशीला आला तर त्यात अपमान वाटून घेण्यासारखे काही नाही.

औषधांच्या बाबतीत माझी सर्व ज्येष्ठ वाचकांना विनंती आहे. आम्ही गोळ्या खोक्यांतून काढून, जागा वाचावी म्हणून, वारांचे कप्पे असलेल्या डबीत भरल्या होत्या. विमानतळावरच्या अधिकाऱ्याने ती डबी उघडली आणि शांतपणे विचारले की यातली कोणती गोळी कशाची. माझ्या यजमानांना रंगावरून सांगता येत होते, नावावरून नाही. अंमली पदार्थांबाबतचे तिथले कायदे कडक आहेत, आणि झोपेच्या गोळ्या किंवा कोडीन, ट्रॅमाडॉल यांसारखी वेदनाशामके नेताना डॉक्टरांची चिठ्ठी तर लागतेच, पण आधी परवानगी घ्यावी लागते का हेही पाहावे लागते. गोळ्या मूळ वेष्टनात, चिठ्ठीसह, आणि विमानात हाताशी असलेल्या बॅगेत असाव्यात. खाण्याच्या पदार्थांचेही तसेच. ताजी फळे, भाज्या, बियाणे, रोपे परवान्याशिवाय नेता येत नाहीत. ऊस आणि उसाचा कोणताही भाग नेण्यास तर बंदीच आहे. पिढ्यान्‌पिढ्या उसावर जगलेल्या बेटाला बाहेरच्या उसाच्या रोगांची भीती वाटणारच. आपण बंद पाकिटातले कोरडे पदार्थ न्यावेत आणि विचारल्यास सांगावेत.

विजेबद्दल थोडक्यात. दाब २३० व्होल्टच आहे, पण भिंतीत चौकोनी तीन पिनांचे किंवा दोन गोल पिनांचे सॉकेट असते, त्यात आपला तीन गोल पिनांचा प्लग जात नाही. साधा जोडप्लग पुरतो, दाब बदलणारे जड यंत्र नको. फोनसाठीची पॉवर बँक चेक-इनच्या सामानात टाकू नये. विमान कंपन्यांची नेहमीची मर्यादा १०० वॉट-तास असते आणि २०,००० एमएएचची बँक साधारण ७४ वॉट-तास भरते, म्हणजे ती हातातल्या बॅगेत चालते.

सामान बांधताना प्लॅस्टिकच्या पिशव्यांत कपडे भरण्याची आपली सवय आहे, त्याऐवजी कापडी पिशव्या वापराव्यात. मॉरिशसने २०१६ साली प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आणली आणि २०२१ पासून एकदाच वापरायच्या प्लॅस्टिक वस्तूंवरही. पाण्याची बाटली घरून न्यावी. परत येताना शंख, शिंपले, प्रवाळाचे तुकडे बॅगेत घालण्याचा मोह मुलांना होतो. त्यांना आधीच सांगून ठेवावे, कारण ते नेता येत नाहीत. आग्नेयेला ब्लू बे सागरी उद्यान आहे, ज्याला २००८ मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. त्याच्या अगदी जवळ, प्वँत देस्नी येथे, २५ जुलै २०२० रोजी वाकाशियो हे जहाज प्रवाळांवर चढले आणि ऑगस्टमध्ये त्यातून सुमारे १,००० टन तेल समुद्रात गेले. तेव्हा तिथल्या लोकांनी उसाचा पाला कापडात भरून तेल अडवण्यासाठी तरंगते बांध विणले होते. ज्यांनी आपला किनारा असा हातांनी राखला, त्यांच्या डोळ्यांदेखत प्रवाळाचा तुकडा खिशात घालणे मला तरी जमणार नाही.

तारखा ठरवताना तिथल्या सुट्ट्यांची यादी पाहावी, हे आमच्या तिसऱ्या सहलीत कामी आले. महाशिवरात्रीच्या आधी काही दिवस हजारो भाविक कावडी घेऊन पायी गंगा तलावाकडे जातात. तो सोहळा पाहायचा असेल तर जरूर जावे, पण त्या दिवसांत मोटारीने पठारावर जाऊन यायचा बेत आखू नये. गणेश चतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी असते, आणि त्याचे कारण तिथला मराठी समाज. त्या दिवशी नदीकाठी नि समुद्रकाठी विसर्जनाला मराठी आरत्या ऐकू येतात. ज्यांना सप्टेंबरच्या आसपास जाता येईल त्यांनी हा दिवस साधावा, मात्र बँक आणि कार्यालयांची कामे आधी उरकावीत. १२ मार्च हा राष्ट्रीय दिन. १९६८ साली देश स्वतंत्र झाला आणि १९९२ साली याच तारखेला प्रजासत्ताक झाला.

रॉड्रिग्जला जाणाऱ्यांसाठी एक ओळ: मॉरिशस देशाचेच असलेले ते बेट मुख्य बेटाच्या पूर्वेला सुमारे साडेपाचशे किलोमीटरवर आहे, तिथे छोटी पंख्याची विमाने जातात आणि सामानाची मर्यादा मोठ्या विमानापेक्षा कमी असते, तेव्हा तिकीट काढतानाच किलो विचारून घ्यावेत.

माझी आपल्याला विनंती अशी की ती यादी पुन्हा छापावी, पण दोन स्तंभांत: एक जून ते सप्टेंबरसाठी आणि एक नोव्हेंबर ते एप्रिलसाठी, आणि प्रत्येक स्तंभाच्या डोक्यावर पूर्व, पश्चिम, उत्तर की पठार, हे लिहावे. जागा कमी पडत असेल तर समुद्रात नारळ घेऊन उभ्या असलेल्या जोडप्याचे छायाचित्र थोडे लहान करता येईल. «जून ते सप्टेंबर पावसाळा» या वाक्याची दुरुस्ती मात्र पुढच्याच अंकात यावी, कारण त्या हंगामाची तिकिटे काढण्याचे दिवस आत्ताच सुरू आहेत.

कळावे,

आपली,
एक निवृत्त भूगोल शिक्षिका